बरणीतल्या घोड्याची चंदी

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात खुंटा म्हणजे काय, ते आधी सांगतो. नाहीतर बोटाएवढ्या एका जिवासाठी माझा मित्र एवढा का झुरला, ते कळायचं नाही.

बाभळीचा हातभर दांडका, जमिनीत ठोकलेला. दिसायला एवढंच. पण दत्ताच्या यात्रेत घोड्यांची जी रांग लागते तिच्यात कुणाचा खुंटा कुठे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. बापाच्या जागी मुलगा ठोकतो, मुलाच्या जागी नातू. सौदागर मरून गेला तरी लोक म्हणतात, त्याच्या खुंट्यापाशी भेटू. मात्र त्या घरचा घोडा यायचा बंद झाला की खुंटा उपटायचा आणि शेजाऱ्याने सरकून जागा घ्यायची. हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. तो एका म्हाताऱ्या सौदागराच्या डोक्यात होता, आणि म्हणून कुणाला मोडता येत नसे. त्यांना सगळे आबा म्हणत. दुसऱ्यांच्या घोड्यांचे दात पाहण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि स्वतःच्या तोंडात एकही उरला नव्हता.

माझा मित्र नंदुरबारचा. आजोबा काठेवाडातून घोडे आणून सारंगखेड्याला विकायचे; रांगेच्या तोंडाशी त्यांचा खुंटा. वडिलांना घोड्यांची धास्ती. त्यांनी जनावरं विकून कंदिलांचं दुकान टाकलं. कंदील, चिमण्या, बत्त्या, वाती आणि गवतात गुंडाळलेल्या काचा. मित्र त्याच दुकानावर मोठा झाला. दरवर्षी यात्रेत कंदील विकायला यायचा आणि दिवसातून एकदा तरी जिथे आजोबांचा खुंटा होता तिथे जाऊन उभा राहायचा. रांगेतले लोक त्याला सोडत नसत. "काय रे चिमणीवाला, तुन्हा घोडा घासलेट पेस का?" तो हसायचा. त्या संध्याकाळी मात्र भाकरी अर्धी टाकायचा.

मी कळसाडीचा. शेती थोरल्या भावाच्या हातात आणि माझ्या हातात फक्त माझं तोंड. गावच्या नाटकात मिशी फुटेपर्यंत राण्या केल्या, मिशी फुटल्यावर राक्षस. तेव्हा मी तिशीत होतो, दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. मित्राने एका यात्रेत सगळ्या रांगेसमोर सांगून टाकलं की पुढच्या साली असा घोडा आणीन की तुमच्या आजा-पणजाने पाहिला नसेल. मला आनंद झाला. संकट दुसऱ्याचं असलं की मला नाटकाच्या तिसऱ्या घंटेसारखं वाटतं.

वर्षभर त्याने त्या घोड्याविषयी अवाक्षर काढलं नाही. यात्रेच्या तोंडावर तो बहिणीकडे सुरतेला गेला आणि निरोप पाठवला, दोंडाईचा स्टेशनवर दमणी घेऊन ये. मी दमणी घेऊन गेलो. घोड्याला आणायला बैलगाडी, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

गाडीतून तो उतरला तो पोटाशी गोळ्या-बिस्किटांची मोठी काचेची बरणी धरून. बरणीला शाल गुंडाळलेली. मागून हमालाच्या डोक्यावर चिनी मातीच्या चार-पाच बरण्या, तोंडं फडक्यांनी बांधलेली. मी म्हटलं, लोणची आणलीस की घोडा? त्याने बाकावर बसून शालीची एक बाजू उचलली.

पाणी होतं. पाण्यात बांबूची एक काडी उभी होती. आणि त्या काडीला शेपटीचा वेढा घालून एक घोडा उभा होता.

पन्नाशी गाठली मी आता. हत्ती पाहिले, विमान पाहिलं, एकदा चालत्या मोटारीचं चाक सुटून मोटारीच्या पुढे पळताना पाहिलं. पण त्या बाकावर माझी बोलती बंद झाली तशी पुन्हा कधी झाली नाही. मान घोड्याची. पुरी, बाकदार, लगाम खेचल्यासारखी. नाकाड लांब, छाती पुढे. पाय नाहीत. पाठीवर पंख्यासारखी एक पातळ झालर, ती इतकी भराभर थरथरत होती की नीट दिसतही नव्हती. आणि डोळे दोन दिशांना. एक माझ्यावर, एक मित्रावर. दोघांची एकाच वेळी परीक्षा चालली होती.

"समुद्रातला घोडा शे," मित्र हळूच म्हणाला. "आते ठोकू खुंटा."

सुरतेपलीकडच्या किनाऱ्यावर बहिणीच्या ओळखीचा एक मासेमार होता. त्याच्या जाळ्यात हे जनावर सापडलं होतं. पाणी दररोज थोडं बदलायचं, ते समुद्राचंच हवं. म्हणून त्या चिनी मातीच्या बरण्या. खायला काय, तर झिंगे. मित्र निर्धास्त झाला. झिंगे तर नंदुरबारच्या बाजारात शेराने मिळतात.

आता इथे आमची खानदेशी बुद्धी बघा. आमच्याकडे समुद्राचा झिंगा येतो तो वाळून, पोत्यातून, सुकट होऊन. झिंगा आधी कधी जिवंत असतो, पोहतो, त्याला मिशा असतात, हे आम्हा दोघांच्या स्वप्नातही नव्हतं. मासेमाराने वाटेपुरते म्हणून एका लोट्यात पाण्यासकट काही बारीक किडे दिले होते. ते नवापूर यायच्या आत मेले, तेव्हा मित्राने खिडकीतून लोटा पालथा केला. त्याला वाटलं, पाणी नासलं.

सारंगखेड्याला कंदिलांच्या पालात, मागच्या बाजूला पडदा लावून आम्ही बरणी ठेवली. सुकटीची चिमूट सोडली. ती पाण्यावर तरंगली, भिजली, घोड्याच्या नाकासमोरून खाली गेली. त्याने एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. एखाद्या मोठ्या घरच्या सुनेपुढे शिळी भाकरी ठेवावी तसं. सुकट कुटून दिली. अंड्याचा बलक दिला. शेवटी मित्राच्या रक्तातला सौदागर जागा झाला आणि त्याने भिजवलेला हरभरा नखाने चिरून टाकला. घोडा म्हटल्यावर चंदी. घोडा काडीला धरून उभा. पाणी तेवढं गढूळ झालं, ते आम्ही कंदिलाची उभी काच नळीसारखी धरून खालचा गाळ काढत साफ केलं.

मी म्हटलं, याला मेलेलं आवडत नाही, आपण त्यात जीव घालू. शेजारच्या घोडीच्या शेपटीचा एक केस उपटला (तिने लाथ मारली, ती मित्राच्या मांडीला बसली), केसाला सुकटीचा तुकडा बांधला आणि बरणीत नाचवायला लागलो. जन्मात एवढा जीव ओतून मी कुठली भूमिका केली नव्हती. सुकट वळली, लाजली, पळाली, परत आली. घोड्याने पूर्ण अंक पाहिला. मग त्याने हळूच मान खाली घातली.

"झोपना तो," मित्र म्हणाला.

आबांच्या कानावर बातमी गेलीच. यात्रेत बातमी घोड्याच्याही पुढे पळते. त्यांनी मित्राला बोलावून घेतलं. घोडा कुठला, केवढा, काही विचारलं नाही. म्हणाले, "पुनवले येसू. खाताना देखसू. जे जनावर मन्हा समोर खात नई, त्याले मी जनावर म्हनत नई."

रांगेचा नियमच तो. दात पाहा, पाय पाहा, अंगावरचे भोवरे पाहा, पण शेवटी तोबरा लावा. आपल्या डोळ्यांसमोर खाल्ल्याशिवाय घोडा घ्यायचा नाही आणि रांगेतही मानायचा नाही. मित्राने मान डोलावली. पालात येऊन तो बरणीपाशी बसला आणि तिच्यावर हात ठेवून म्हणाला, "खाय रे बाप. मन्हा आजाकरता खाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाळावर तोंड धुवायला गेलो. गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद. यात्रेतली जनावरं नदीवर जात, म्हणून त्या हौदाकडे कुणी फिरकत नव्हतं आणि पाणी हिरवं झालं होतं. एक घोडा तेवढ्यात चुकून आला, त्याने पाण्यात नाक घातलं आणि जोरात फुर्र केलं. आणि पाण्यातून बारीक काळे जीव उलटेसुलटे होत खाली पळाले. डासांच्या अळ्या. डोकं इकडे, शेपूट तिकडे, वाकडं, सरळ, परत वाकडं.

मी रात्रभर घोड्याच्या केसाने जे नाचवायचा प्रयत्न केला होता, तोच नाच. फुकट, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगला.

धोतराचा सोगा पाण्यात बुडवला, अळ्या गाळल्या, लोट्यात घेतल्या आणि पालाकडे धावत सुटलो. लोक मला बाजूला होऊन वाट देत होते. त्यांना वाटलं, वेगळंच काही निकडीचं आहे.

लोटा बरणीत ओतला. खाऱ्या पाण्यात पडताच अळ्या जोरात वळवळायला लागल्या. घोड्याचे दोन्ही डोळे पहिल्यांदाच एका जागी आले. त्याने काडी सोडली. हलला म्हणावं तर हलला नाही, पण जवळ आला. मांजर दबा धरतं ना, त्याला तरी थोडी घाई असते. याला नव्हती. मान किंचित कलली. नाकाच्या टोकापासून तांदळाभर अंतरावर अळी वळवळत होती.

टच्.

एवढाच आवाज. काचेतून ऐकू आला. आणि अळी नव्हती. तोंड उघडलेलं मी पाहिलं नाही, मिटलेलं पाहिलं नाही. ती होती आणि मग नव्हती. मधलं काही देवाने आम्हाला दाखवलंच नाही. आम्ही दोघं डोकी एकमेकांना लावून बसलो आणि पाहत राहिलो. टच्. पुन्हा वाट, पुन्हा ती मान कलणं, पुन्हा टच्. माझ्या अंगावर काटा आला तो अजून आठवला की येतो. एवढ्याशा जिवात एवढी शांती आणि एवढा वेग एकाच वेळी कुणी ठेवला असेल?

"मोतद्दार झाला तू," मित्र डोळे पुसत म्हणाला. घोड्याच्या चाकरीला असतो तो मोतद्दार. तेव्हापासून माझं काम ठरलं. हाळावर जायचं, सोगा बुडवायचा, चंदी आणायची.

लोकही बघायला येऊ लागले. मी बाहेर उभं राहून ओरडायचं भाषण पाठ केलं होतं, तेही फुकट गेलं. पडद्याआड जाणारा तोंडाने बडबडत जायचा आणि बाहेर येताना गप्प असायचा. बाहेरच्यांना तेवढं पुरायचं.

एक गोष्ट मात्र आम्हाला खात होती. घोड्याचं पोट फुगत चाललं होतं. रांगेतल्या जाणत्यांनी येऊन पाहिलं आणि एकमताने सांगितलं की वात धरला, पोटशूळ आहे, हिंग-ओवा द्या. एकाने तर हिंगाची पुडी काढलीच. मित्राने चिमूट घेतली, बरणीवर हात नेला आणि तसाच थांबला. घोडा वर त्याच्याकडे बघत होता. मित्राने चिमूट परत पुडीत टाकली. का टाकली, ते त्यालाही सांगता आलं नाही.

पौर्णिमा उजाडली. सकाळीच मी ताजी चंदी आणली. घोड्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. पुन्हा आणली. नाही. तो काडीला शेपटी घट्ट आवळून उभा होता, पाठीची झालर मंद. मित्राचा चेहरा कंदिलाच्या काजळीसारखा झाला. दुपारी आबा आले. मागे सगळी रांग.

मी पडदा बाजूला केला आणि छाती भरून सुरुवात करणार, तोच आबांनी एक बोट वर केलं. मी छाती रिकामी केली. ते बरणीसमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"खूर नई," ते म्हणाले. "आयाळ नई. पन मान शे. मान खरी शे."

मग म्हणाले, तोबरा लावा. मी लोटा ओतला. अळ्या नाचत नाचत घोड्याच्या नाकावरून गेल्या. एक तर त्याच्या पोटाला टेकून गेली. घोडा ढिम्म.

मागून एक जण म्हणाला, "काय रे चिमणीवाला, रोजा शे का त्याले?"

"रोजा नई," मित्र मागे न बघता म्हणाला. "तुले देखीसन भूक मरी गई."

लोक हसले. 

आणि तेवढ्यात घोडा वाकला. धनुष्यासारखा मागे गेला, मग पुढे. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, शेपटी काडीला तशीच. मला वाटलं, गेला. मित्राने डोळे मिटून घेतले. पोटाच्या पिशवीचं तोंड उघडलं आणि पाण्यात धूर सुटल्यासारखं काहीतरी आलं. काळसर कण. पुन्हा वाकला, पुन्हा धूर. आधी सगळ्यांना वाटलं, घाण आहे. आबांनी नाक काचेला लावलं होतं.

"शिंगरं शेतस," ते म्हणाले, कुणाला तरी झोपेतून उठवू नये एवढ्या हळू.

आम्ही वाकलो. प्रत्येक कण घोडा होता. जिऱ्याच्या दाण्याएवढा, पण मान तशीच बाकदार, छाती तशीच पुढे. नाक, झालर, सगळं. जन्मल्याबरोबर ते सरळ उभे राहून पोहायला लागले होते, आणि कुणीतरी सांगितल्यासारखे आपल्या इवल्या शेपट्या शोधत होते, कशाला बांधून घ्यावं म्हणून. काही जण एकमेकांच्या शेपट्यांना धरून फिरत होते. बरणी भरून गेली. घोड्यांचे भाव ठरवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ती माणसं श्वास धरून उभी होती. आबांनी बसल्या बसल्या पायातली पायताणं काढून मागे सरकवली. मग एकेकाने काढली. हिंगवाल्याने सगळ्यांत आधी.

रोजावाल्याने तरी धीर करून म्हटलंच, की पण खाल्लं तर नाही ना.

आबांनी मान वळवली. "बाळंतीनले कोनी जेवाले बसाडस का रे?"

 पोट रिकामं झालं, आणि घोडी (आता सगळे घोडी म्हणू लागले होते) जरा वेळ काडीवर टेकून राहिली. एक अळी राहिली होती, दमून तळाकडे निघालेली. ती खाली येत येत तिच्या नाकासमोर आली. मान कलली.

टच्.

त्या शांततेत तो आवाज पार मागच्या माणसाला ऐकू गेला.

आबा म्हणाले, आपल्या जन्मात सगळे घोडे माणसाने बांधलेले पाहिले, स्वतः खुंट्याला बांधून घेणारं जनावर आजच पाहिलं. मग मित्राकडे वळले. "उठ. खुंटा आन."

मी इकडे तिकडे बघायला लागलो, आता खुंटा कुठून आणायचा. मित्राने काचांच्या पेटीतलं गवत उपसलं आणि तळातून बाभळीचा जुना दांडका काढला, वरून ठोकून ठोकून फुटलेला. आजोबांचा. दरवर्षी तो काचांबरोबर यात्रेला यायचा आणि काचांबरोबर परत जायचा, हे मलाही माहीत नव्हतं. रांगेच्या तोंडाशी ज्याचा घोडा होता त्याने न सांगता तो बाजूला घेतला. पहिला घाव आबांनी घातला. पुढचे मित्राने घातले, आणि नीट घातले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण शिंगरांना भूक लागली.

हाळातल्या अळ्या त्यांच्यापेक्षा मोठ्या होत्या. समोर अळी आली की ती इवली नाकं मागे सरायची. आम्ही पाणी गाळून बारीक, आणखी बारीक काय मिळतं ते पाहिलं. जे मिळालं ते आमच्या डोळ्यांनाच दिसेना. संध्याकाळपर्यंत तळाशी काही शिंगरं आडवी पडलेली दिसली. रांगेतला एक जण मित्राच्या हातावर रुमाल टाकून त्याखाली बोटं दाबून भाव करायला आला होता, एक जोडी दे म्हणून. मित्राने हात काढून घेतला. यांची चंदी फक्त समुद्रात आहे, तो म्हणाला, आपण जाऊ.

खुंटा ठोकून एक दिवसही झाला नव्हता. दोन पिढ्यांनी मिळालेली जागा टाकून निघायचं. तो आबांना सांगायला गेला तेव्हा मला वाटलं, म्हातारा चिडेल. आबांनी ऐकून घेतलं, उठले, आपली म्हातारी पांढरी घोडी सोडली आणि आणून मित्राच्या खुंट्याला बांधली. खुंटा रिकामा ठेवायचा नाही, एवढंच म्हणाले.

सुरतेपलीकडे मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याचं वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो, की इतके दिवस आपण एका बरणीत काय ठेवलं होतं, ते तेव्हा कळलं. मासेमार होडी घेऊन आला, आम्ही आत गेलो, मित्राने बरणी तिरपी करून पाण्याखाली धरली. जी शिंगरं वाचली होती ती बाहेर पडली आणि दिसेनाशी झाली. मोठी निघेना. तिने काडीला वेढा घातला होता. शेवटी मित्राने काडीच सोडून दिली, आणि ती काडीसकट गेली.

बाळंतीण दमली होती, मी म्हटलं. मासेमार वल्ह्यावर हात ठेवून हसायला लागला. "बाळंतीण?" तो म्हणाला. "आ तो नर छे, भाई." या जातीत मादी आपली अंडी नराच्या पोटपिशवीत टाकून निघून जाते. पुढचं सगळं बाप करतो.

परतीच्या गाडीत नवापूरपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे ते धनुष्यासारखं वाकणं होतं. बाप होता तो. न खाता उभा होता.

मग मित्राला धसका बसला. सगळ्या रांगेने पायताणं काढली होती ती बाळंतिणीसाठी. आता आबांना काय सांगायचं? मी म्हटलं, न सांगता राहू. मला गोष्ट झाकायला जेवढी आवडते तेवढीच उघडी करायलाही आवडते, म्हणून मी दोन्हीला तयार होतो. मित्र म्हणाला, खुंट्यावर खोटं बांधायचं नाही.

सारंगखेड्याला यात्रा उठत आली होती. आबांची घोडी अजून आमच्या खुंट्याला होती आणि आबा तिच्या सावलीत बसले होते. मित्राने सगळं सांगितलं.  त्यांनी घोडीच्या पायावरून हात फिरवला.

"बाप व्हता तं व्हता," ते म्हणाले. "खुंटा ऱ्हाऊ दे."

मित्र खाली बसला आणि खुंट्याला पाठ लावून त्याने डोळे मिटले. आबांनी मला खुणेने जवळ बोलावलं. त्यांनी कानात विचारलं, तो खातो तेव्हा आवाज कसा येतो, परत करून दाखव. मी टाळ्याला जीभ लावून टच् केलं. पुन्हा कर म्हणाले. पुन्हा केलं. मग इकडे तिकडे कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी स्वतः करून बघितलं. तोंडात दात नव्हते. नुसती हवा आली.

त्यांनी पुन्हा करून पाहिलं.